बोडकं घर

वैशाख लागला की माझी मान आपोआप वर जाते. आंब्यासाठी नाही आणि ढगासाठीही नाही. घरांवर कोण चढलंय ते बघायला. आमच्या वेळी नाशकात वैशाख म्हणजे घरांवर माणसं चढायचे दिवस. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, खालचे कुजलेले वासे बदलायचे आणि सगळं पुन्हा रचून पावसाची वाट बघायची. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छपरांवर उकिडवी बसलेली माणसं दिसायची. खाली रस्त्यावर लाल धूळ, आणि पोरांना ओरडणाऱ्या बायका, की डोक्यात कौल पडेल, आत व्हा.

आता नातीच्या फ्लॅटच्या खिडकीतून बघते तर तिकडे हिरव्या जाळ्या लावलेल्या उंच इमारती उभ्या राहतायत. पिवळी क्रेन सबंध दिवस फिरते. पाळण्यात बसून माणसं बाहेरून रंग देतात. पूर्वी या शहरात सगळ्यांत उंच म्हणजे देवळाचा कळस, आणि त्याच्यावर घर चढवायची कुणाची छाती होत नसे. आता कळस शोधावा लागतो. नात म्हणते, आजी, शहर वाढतंय. वाढू दे की. पण मला यातल्या एकाही इमारतीवर भरवसा नाही, हे मी उघड सांगते.

तसा मला कशावरच भरवसा नाही, असं घरचे म्हणतात. नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलं की लोक आधी पेढा घेतात, मी आधी खांबाला टिचकी मारते. परवा गंगापूर रोडला एका ठिकाणी गेलो. दिवाणखान्यात गोल, देखणा खांब. टिचकी मारली तर आत पोकळ, पुठ्ठ्यासारखा आवाज. यजमानीणबाई म्हणाल्या, तो नुसता शोभेचा आहे. मी विचारलं, मग खरा कुठाय? त्यांना सांगता येईना. पेढा मी खाल्ला, पण दाराशी उभी राहून.

ही टिचकी आबांची. आबा म्हणजे माझे वडील, घरं बांधणारे सुतार. मूळचे सायखेड्याचे, पण कामासाठी नाशकात आले ते इथलेच झाले, बोलणं तेवढं गावचं राहिलं. पेठकडच्या डोंगरातून सागाच्या ओंडक्यांच्या गाड्या यायच्या. आबा रस्त्यात उभे राहून ओंडक्यावर बोटं वाजवायचे, कान लावायचे आणि गाडीवाल्याला म्हणायचे, "हे आतून खाल्लेलं हाय. पुढं जाऊ दे." गाडीवाला शिव्या घालत पुढे जायचा. माणसांच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं. कुणी फार गोड बोललं की ते त्याच्याकडे ओंडक्याकडे बघावं तसे बघायचे.

त्यांच्या कामात एक रीत होती. भिंती झाल्या, खांब-तुळया झाल्या की छपराच्या मधोमध आढं चढायचं. घरमालक त्याला हळदकुंकू लावायचा, नारळ फोडायचा आणि मिस्त्रीच्या खांद्यावर उपरणं टाकायचा. मग कौलांचं सगळं ओझं वर चढेपर्यंत मिस्त्रीनं आढ्याच्या बरोबर खाली बसून राहायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही. ज्यानं बांधलं त्यानं खाली बसायचं, म्हणजे पडलं तर आधी त्याच्यावर पडेल. आमच्या पेटीत अशी बरीच उपरणी होती. आई ती सणाला बाहेर काढून उन्हात घालायची, आणि गल्लीतल्या बायकांना दिसतील अशीच घालायची.

तर तो वैशाख. तीस सालानंतरची, महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. आमच्या घरात माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. आणि त्या वैशाखात आबांना कौलं चाळायला, वासे बदलायला फारसं कुणी बोलावलं नाही. लोक म्हणायचे, जरा थांबतो, वामनशेठच्या घराचं काय होतंय ते बघतो. वामनशेठ म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी, आमच्या गल्लीतलेच. त्यांनी आपलं जुनं घर पाडून सिमेंटचं घर काढलं होतं. मुंबईहून दिघेसाहेब म्हणून एक इंजिनिअर आणला होता. तरुण माणूस, डोक्यावर सोला हॅट, पायात मोजे, आणि बोलण्यात कुठेही घाई नाही. आबांच्या मते तो जरा जास्तच शांत होता.

ते घर आमच्या गल्लीत कुणीच बघितलं नव्हतं तसलं. एक कोपरा गोल, त्याला वळसा घालून गॅलरी. खिडक्यांच्या वर पुढे आलेल्या सिमेंटच्या पट्ट्या. आणि छपराला उतारच नाही. सपाट. आजूबाजूची सगळी घरं डोक्यावर कौलं घेऊन बसलेली, आणि हे मधेच उघडं. बायका त्याला बोडकं घर म्हणायला लागल्या. तोंडावर पदर घेऊन म्हणायच्या, कारण वामनशेठची बायको रागीट होती.

संशय तर काय, गल्लीभर पसरला होता. सिमेंट म्हणजे जनावराची हाडं जाळून केलेली पूड, असं एक जण सांगे. छपरात घातलेल्या लोखंडी सळया आभाळातली वीज ओढून घेतात, असं दुसरा सांगे. घराच्या पायाखाली काय पुरलं असेल याच्या गोष्टी तर इतक्या झाल्या, की आया आपली पोरं तिन्हीसांजेनंतर त्या बाजूला सोडत नव्हत्या. आईनंही माझा त्या बाजूनं पाण्याला जायचा रस्ता बदलला. मला विचाराल तर माझा अर्ध्या गोष्टींवर विश्वास होता आणि उरलेल्या अर्ध्यांवर विश्वास ठेवायची तयारी होती.

आणि त्याच घराचं काम आबांनी घेतलं. दुसरं कामच नव्हतं. पण काम कसलं, तर लाकडाचा साचा करायचा. खाली फळ्यांची जमीन करायची, तिला खालून टेकू लावायचे, टेकूच्या बुडाशी पाचरी ठोकायच्या. वर सळया आणि सिमेंट पडायचं. ते घट्ट झालं की पाचरी काढायच्या, टेकू काढायचे, फळ्या काढायच्या. म्हणजे सुतारानं केलेलं काहीच घरात राहायचं नाही. आबा आईला म्हणाले, "लाकूड लावायचं ते काढायसाठी. असलं काम कुणी ऐकलं व्हतं का?" आई म्हणाली, "आपलं घर तर चालेल ना?"

आमचं सगळंच त्या घरावर टांगलेलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. घर पडलं तर साचा आबांचा, म्हणजे नाव आबांचं जाणार. घर उभं राहिलं तर गाव सिमेंटचीच घरं बांधणार, मग खांब-तुळयांना कोण विचारणार? दोन्हीकडून आमचंच वाईट. येवल्याचे मामा माग बनवायचे. तिकडे निघून जायचं का, असं आई एकदा हळूच म्हणाली. आबांनी ताट तसंच बाजूला सारलं.

स्लॅब पडला त्या दिवशी गल्लीत जत्रा होती. बायका-पुरुषांची रांग खालपासून वरपर्यंत, हातोहात घमेली चाललेली. इस्माईलचाचा गवंडी वर उभा राहून सगळ्यांना दटावत होता. चाचा आबांचा जुना जोडीदार. कित्येक घरांत याच्या विटा आणि त्यांचं लाकूड. पण चाचाला सिमेंट आवडलं होतं. तो आबांना म्हणायचा, "मिस्त्री, ये नवी चीज है. हात लावून बघा तरी." आबा म्हणायचे, "तू लाव. मी हाय हितं." दुपारी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. आबांनी आपल्या वाटणीचे तिथेच ठेवले.

मग त्या सपाट छपरावर मातीचे बांध घालून पाणी साठवलं. ऐन वैशाखात, गावात पाण्याची ओढ असताना, कावडीनं पाणी आणून छपरावर ओतायचं. रोज. लोक खालून बघायचे आणि म्हणायचे, घर आहे की म्हैस. दिघेसाहेब सांगायचा, हे पाणी पिऊन पिऊनच ते घट्ट होतं. आबा घरी येऊन मला सांगायचे, "गोदे, जे पाण्यानं घट्ट व्हतं ते पावसानं काय व्हईल, सांग बरं." मला भीती वाटायची, की आबा म्हणतात तेच खरं असेल.

टेकू काढायचा दिवस आला. निम्मी गल्ली समोरच्या ओट्यावर उभी, मी समोरच्या माडीवर; खिडक्या अजून उघड्याच होत्या, आतलं सगळं दिसत-ऐकू येत होतं. दिघेसाहेबानं वरच्या दिवाणखान्यात, बरोबर मधोमध, एक खुर्ची मागवली. बसला. वामनशेठला म्हणाला, "चहा सांगा." आणि आबांना म्हणाला, "मिस्त्री, करा सुरुवात. आणि झालं की या, इथं बसा माझ्याजवळ." आबांनी पाचरी ठोकून काढायला घेतल्या. एकेक टेकू सुटत होता, आणि तो माणूस बशीतून चहा पीत होता. आमच्या रीतीची त्याला काही माहिती नव्हती. तरी तो खाली बसला होता, आणि आबा मात्र दर टेकू सुटला की दारात जाऊन उभे राहत होते. चाचा म्हणाला, "जाव मिस्त्री, बसो." आबा म्हणाले, "माझं काम काढायचं. बसायचं नाय." मला तेव्हा आबांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही आला.

घर पडलं नाही. थोडे टेकू उरले होते तेव्हा दिघेसाहेबाची गाडीची वेळ झाली. उरलेले तुम्ही काढा, असं सांगून तो टांग्यानं स्टेशनला गेला. संध्याकाळी मी आबांचा डबा आणायला वर गेले. सगळी खोली मोकळी झालेली, फळ्या एका जागी छतापर्यंत उभ्या रचून ठेवलेल्या. इतकी मोठी खोली आणि मधे एकही खांब नाही, याची डोळ्यांना सवयच नव्हती. मग लक्षात आलं, फळ्यांची रास मुद्दाम मधोमध रचलीय, आणि तिच्या आत एक खांब उभा आहे. टेकू नव्हे, खांब. आमच्या घरासाठी आबांनी वर्षानुवर्षं राखून ठेवलेला सागाचा खांब. त्याच्या अंगावर डोळ्यासारखी एक गाठ होती, म्हणून मी तो ओळखला. खाली पाचर अशी ठोकलेली की सुईसुद्धा आत जायची नाही.

मी काही विचारायच्या आत आबा म्हणाले, "असू दे. कुणाचं काय जातं?" आणि त्यांनी खांबावर टिचकी मारली. घणघणीत वाजला. त्या रात्री मी निवांत झोपले, हे सांगितलं पाहिजे. घरात निदान एक तरी गोष्ट खरी होती.

आषाढात वामनशेठच्या दिवाणखान्यात गळायला लागलं. भिंतीशी नाही, मधोमध. फळ्यांच्या राशीवर टपटप. गावाला हेच हवं होतं. बोडक्या घराला घाम फुटला, असं म्हणत लोक बघायला यायचे. वामनशेठची बायको खाली आपलीच विकायची पातेली लावायची. आबांना तर आपलंच खरं ठरल्यासारखं वाटत होतं. जेवताना ते आईला म्हणाले, "खांब व्हता म्हणून फक्त गळलं. नायतर बसलं असतं." आई म्हणाली, "मग सांगा की वामनशेठना." आबा म्हणाले, "तो साहेब यिऊ दे."

साहेब आला. छत्री मिटली, वर गेला, शिडी लावून गच्चीवर चढला, पावसात वाकून बघितलं, खाली आला आणि फळ्या हलवायला सांगितल्या. खांब दिसला. खोलीत वामनशेठ, चाचा, आबा आणि दाराशी डबा घेऊन मी. दिघेसाहेबानं खांबाकडे बघितलं, वर बघितलं आणि विचारलं, "हा कुणी ठेवला?" आबा म्हणाले, "मी." सरळ म्हणाले. मला वाटलं, आता साहेब ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं वामनशेठकडे एक भाजलेला पापड आणि दोन लोटे मागितले.

लोटे थोड्या अंतरावर ठेवले, त्यांच्यावर पापड आडवा टाकला. म्हणाला, "हे बघा मिस्त्री. हा दोन्ही कडांवर टेकलाय. मधे थोडासा वाकेल, पण तसा वाकेल म्हणूनच मी त्याला खालच्या बाजूनं सळया दिल्यात. आता तुम्ही काय केलंत?" त्यानं पापडाच्या मधोमध खालून बोट लावलं आणि दोन्ही कडा अलगद दाबल्या. पापड वरच्या बाजूनं तडकला, बरोबर बोटाच्या वर. "तुमचा खांब लय घट्ट आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडी तो लय ऐकून चाचा हसला. "जरा कमी घट्ट असता तर हे गळलं नसतं."

आबांनी पापडाचे तुकडे हातात घेतले, जुळवून बघितले. ज्या तड्याची भीती धरून खांब लावला, तो तडा त्या खांबानंच पाडला होता. माझ्या आबांचं चुकलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहावंसंही वाटत नव्हतं. मला वाटलं, आता आपण येवल्याला जाणार. माग बनवणाऱ्यांच्या घरात, मामांच्या जिवावर. वामनशेठ काहीतरी बोलायला लागले होते, साहेबानं हातानं त्यांना थांबवलं.

आबांनी खांबाच्या बुडाशी बसून पाचर ठोकून काढायला घेतली. ती इतकी आवळली होती की निघेना. चाचा पुढे झाला, त्यालाही हात लावू दिला नाही. शेवटी ती निघाली, खांब हलला, आबांनी तो मिठीत धरून आडवा केला. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि जिथे खांब होता तिथेच मांडी घालून बसले. बोलले नाहीत, उठले नाहीत. वर पाऊस पडत होता. चाचा पुढे सांगायचा ते खरं असेल तर मी दारात मोठ्यानं रडत होते. मला आठवतं ते एवढंच, की वरून थेंब यायचा आणि आबांच्या टकलावर पडायचा. ते पुसत नव्हते. पावसाची सर थांबेपर्यंत ते तसेच बसले, आणि घर उभं राहिलं.

दिघेसाहेबानं विचारलं, "आता पटलं?" आबा म्हणाले, "बघतुया अजून." साहेब हसला. म्हणाला, "शरणपूरच्या रस्त्याला दोन बंगले काढायचेत. साचा तुम्ही करणार का?" आबा उठले, ओलं धोतर झटकलं. "करतो," म्हणाले. "पण टेकू काढताना खाली मी बसणार. तुमी नाय."

तडा इस्माईलचाचानं बुजवला. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून, आपल्या जुन्या पद्धतीनं. सिमेंटवर चुना, साहेबानं हरकत घेतली नाही. पावसाळा सरला आणि त्याच घराचा गच्चीवर जायचा जिना राहिला होता, तो घेतला. त्याच्या साच्याला फळ्या कमी पडल्या. आबांनी तो सागाचा खांब करवतीखाली घातला. आई म्हणाली, अहो, तो आपल्या घराचा. आबा म्हणाले, "आपल्याला कवा बांधायचं हाय?" आमचं घर शेवटपर्यंत भाड्याचंच राहिलं.

त्यानंतर आबांनी साचेच केले. नाशकात नदीच्या या काठाला नि त्या काठाला, कुठे गोल कोपऱ्याची घरं, कुठे चौकोनी, कुठे थिएटर, कुठे दवाखाना. गावाची रेघ हळूहळू बदलत गेली. उतार गेले, सपाट आलं. पण त्या सगळ्या शहरात माझ्या वडिलांच्या हातचं एक लाकूड तुम्हाला सापडायचं नाही, कारण त्यांचं काम काढून घ्यायचंच होतं. उपरणं त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही. आणि दर टेकूकाढणीला ते खाली बसायचे. लग्न होऊन मी सासरी गेले, पोरं झाली, तरी निरोप यायचा की आबांचा आज स्लॅब सुटणार, आणि माझ्या हातातली भाकरी जळायची. मी संशयी का, असं विचारतात. एवढे वैशाख छपराकडे बघत काढल्यावर माणूस दुसरं काय होणार?

यंदाच्या वैशाखात नातीनं सांगितलं, आजी, तुझं ते बोडकं घर पाडतायत. महापालिकेनं नोटीस लावलीय, धोकादायक इमारत. तिथं टॉवर येणार. मी म्हटलं, मला घेऊन चल.

वामनशेठची माणसं केव्हाच बाहेर पडली होती. दारं काढून नेलेली, गोल गॅलरीचे गज काढलेले. बिल्डरचा एक मुलगा, डोक्याला पिवळं हेल्मेट, सगळीकडे फिरून बघत होता. नात माझा हात धरून वर घेऊन गेली. दिवाणखाना तेवढाच मोठा, तेवढाच मोकळा. वर मधोमध चुन्याचा डाग अजून दिसत होता. मग मी गच्चीच्या जिन्याखाली गेले. जिन्याखालच्या अडगळीच्या जागेला गिलावा कोण करतो? तिथं सिमेंट तसंच उघडं होतं, आणि त्याच्यावर साच्याच्या लाकडाच्या रेघा. अगदी बारीक, नस न् नस उमटलेली. हात वर करून मी बोटांनी चाचपत गेले. आणि सापडली. डोळ्यासारखी गाठ, सिमेंटात. मी तिच्यावर टिचकी मारली. आबा म्हणाले असते, आतून खाल्लेलं नाय.

नात म्हणाली, "आजी, रडतेस काय?" मी रडतच होते.

हेल्मेटवाला मुलगा धावत आला. म्हणाला, "आजी, इथं थांबू नका. स्लॅबचा काही भरवसा नाही, वरचं कधीही खाली येईल." मी त्याच्याकडे ओंडक्याकडे बघावं तशी बघितलं. मग दिवाणखान्यात गेले, त्या चुन्याच्या डागाच्या बरोबर खाली उभी राहिले आणि त्याला म्हटलं, बाळा, एक खुर्ची आण.

त्यानं आणली बिचाऱ्यानं. मी बसले, आणि नातीला चहा सांगायला पाठवलं.